नमुना पाहिल्याशिवाय नाव नाही

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांवर रोमन संस्कृतीची छाप पडलेली आहे, हे विधान मी पूर्ण जबाबदारीनं करतो आहे. इनामगावला घोड नदीच्या काठी ताम्रपाषाणयुगातली वस्ती सापडली तेव्हा मोठमोठे विद्वान येऊन माती चाळून गेले. त्यांना रांजण मिळाले, चुली मिळाल्या, हाडं मिळाली; रोमन काही मिळालं नाही. मिळणार नव्हतंच. रोमन अवशेष शिरूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत आहेत, आणि ते जमिनीखाली नसून दुकानांच्या पाट्यांवर आहेत. 'इमॅगो फोटो स्टुडिओ', 'मँडिब्युला डेंटल क्लिनिक', 'प्यूपा फ्रॉक सेंटर' आणि औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'स्क्युटेलम सिक्युरिटी सर्व्हिसेस'. साम्राज्य एवढंच. ते एका माणसानं एक भिंग आणि एक चिमटा एवढ्या सामग्रीवर उभं केलं.

त्या माणसाला सगळे लॅटिन सर म्हणत. हजेरीपटावर ते शेख होते, पण आमच्या कॉलेजात शेख तीन होते आणि लॅटिन सर एकच. ते प्राणिशास्त्र शिकवत, मी मराठी. प्राणिशास्त्रातलाही त्यांचा प्रांत मर्यादित होता: भुंगेरे. पाठीवर टणक कवच असलेली ही कीटकांची जात. शेणाचे गोळे ढकलत नेणारा शेणकिडा हा भुंगेरा, तांदळातला टोका हाही भुंगेरा, आणि उसाची मुळं खाणारी हुमणी हे एका भुंगेऱ्याचं अपत्य. सरांच्या मते जगात भुंगेरे हे मुख्य प्राणी होते आणि बाकीचे त्यांच्या सोयीसाठी होते. "माणूस धान्य साठवायला लागला, त्याचा खरा फायदा कुणाला झाला?" असं ते विचारत आणि उत्तराची वाट पाहत नसत.

खरं म्हणजे लॅटिन सरांना लॅटिन येत नव्हतं. त्यांना भुंगेऱ्याच्या अंगावरचे सगळे लॅटिन शब्द येत होते, भुंगेऱ्यांच्या नावांतले येत होते, आणि तिथं त्यांचं लॅटिन संपत होतं. एकदा मी म्हटलं, "सर, लॅटिनमध्ये एखादं वाक्य बोलून दाखवा." ते जरा विचार करून म्हणाले, "वाक्य येत नाही. भुंगेऱ्याच्या शरीरात क्रियापद नसतं." हे लॅटिन ते तरुणपणी केडगावच्या एका निवृत्त ख्रिस्ती मास्तरांकडून शिकले होते. मास्तरांचं ग्रीक पक्कं होतं आणि लॅटिन बेताचं. सरांनी बेताचं तेवढं घेतलं. शास्त्रीय नावांत ग्रीकचा भरणा बराच असतो, तरी ग्रीक शब्द आला की सर आवाज उतरवून म्हणत, "हा आपला नाही."

वर्गात त्यांचा एकच हट्ट होता. शब्द पाठ करायचा नाही, आधी तो कशावरून आला ते बघायचं. राहू गावचा एक विद्यार्थी होता, उसाच्या घरातला, त्याच्याशी झालेला संवाद मी वर्गाबाहेरून ऐकला आहे.

"अँटेना म्हणजे काय?"

"सर, डिशचा असतो त्यो."

"डिश नंतर आली. अँटेना म्हणजे जहाजाच्या शिडाची आडवी काठी. भुंगेऱ्याच्या मिशा बघ, तशाच दोन बाजूंना ताणलेल्या असतात."

"सर, आपल्याकडं जहाज कुठं हाय?"

"उजनीच्या पाण्यात होड्या आहेत."

"हायेत की. पर शीड न्हाई सर, डिझेल हाय."

सरांनी हे मान्य केलं. "मग तू शीड न बघताच लक्षात ठेव," म्हणाले, "पण अर्थासकट ठेव." मग त्यांनी फळ्यावर ओळीनं लिहिलं: लार्व्हा म्हणजे अळी, मूळ अर्थ भूत किंवा मुखवटा. प्यूपा म्हणजे कोष, मूळ अर्थ बाहुली. इमॅगो म्हणजे पूर्ण वाढलेला कीटक, मूळ अर्थ प्रतिमा. आधी भूत, मग बाहुली, मग खरं रूप. पोरांना हे पाठ करावं लागलं नाही. प्रयोगवहीत मात्र दोघा-तिघांनी अळीच्या आकृतीखाली 'भूत' असं लिहून पूर्ण गुण मिळवले.

दुकानांना नावं द्यायचा प्रकार याच वर्गातून सुरू झाला. संतोष नावाचा एक विद्यार्थी पदवीला दोनदा अडकला आणि त्यानं फोटो स्टुडिओ काढायचं ठरवलं. गावात 'साई', 'श्री' आणि 'न्यू' ही सगळी नावं गेलेली होती. तो सरांकडे आला. "सर, ते इमॅगो म्हंजी प्रतिमा म्हनला व्हता ना तुम्ही? ते देऊ का नाव?" सर लगेच हो म्हणाले नाहीत. ते स्टुडिओत गेले, स्टुलावर बसले, पासपोर्ट फोटो काढून घेतला आणि तो भिंगाखाली धरला. "माणूस ओळखू येतो," ते म्हणाले. "नाव चालेल."

पुढं हीच त्यांची पद्धत झाली. नमुना पाहिल्याशिवाय नाव नाही. प्राणिशास्त्रात नवीन जातीला नाव देताना समोर नमुना लागतो, त्याचं वर्णन लागतं, आणि नाव त्या वर्णनाशी जुळावं लागतं. सरांनी हा नियम शिरूरच्या बाजारपेठेला लावला. दातांच्या डॉक्टरांना त्यांनी मँडिब्युला दिलं, कारण तो शब्द चावण्यावरून आला. पण त्याआधी स्वतःची एक दाढ काढून घेतली. दाढ किडकी होती असं डॉक्टर म्हणतात, सर आपण नमुना पाहायला गेलो होतो असं म्हणत. सिक्युरिटी एजन्सीच्या मालकाला ढाल या अर्थाचं भारदस्त नाव हवं होतं. सरांनी त्याचे सगळे गार्ड एका ओळीत उभे करायला लावले. बिहारहून आलेली हडकुळी पोरं, ढगळ गणवेश, प्रत्येकाकडे एक काठी आणि एक शिट्टी. सरांनी त्यांना दिलं स्क्युटेलम. "म्हणजे काय?" मालकानं विचारलं. "लहान ढाल," सर म्हणाले. "भुंगेऱ्याच्या दोन पंखांच्या मुळाशी एक छोटा त्रिकोण असतो, तो."

"छोटा कशाला सर? मोठी ढाल द्या की!"

"मोठी मी पाहिली नाही."

कोचिंग क्लासवाले एक गृहस्थ आले तेव्हा सर त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर पूर्ण तासभर बसले आणि बाहेर येऊन म्हणाले, "अजून अळी अवस्था आहे. या अवस्थेवरून जात ओळखता येत नाही. दोन वर्षांनी या." गृहस्थांनी त्याच संध्याकाळी 'ग्लोबल' हे नाव लावलं. सर त्या पाटीखालून जाताना नेहमी मान वर करून आकाशाकडे पाहत.

दुसरा एक नियम होता आणि तो लोकांना जड जाई. एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही. दातांचे डॉक्टर वर्षभरानं तक्रार घेऊन आले की पेशंटला नाव उच्चारता येत नाही, लोक 'मंडी-बोला' म्हणतात, भाजीवाले आत येतात. सरांनी त्यांना बसवलं आणि समजावलं. "हे बघा डॉक्टर, चवळी-मुगात जो भुंगा होतो, त्याच्या दोन जाती आपल्याकडे मिळतात. एकीच्या नावाचा अर्थ 'ठिपकेदार'. तिला ठिपके आहेत, प्रश्न मिटला. दुसरीच्या नावाचा अर्थ 'चीनची'. ती दौंडात राहते, तिच्या सात पिढ्यांनी चीन पाहिलेला नाही. पण पहिला नमुना तिकडचा होता म्हणून नाव तसं पडलं. आता ते गैरसोयीचं आहे, म्हणून बदललं का कुणी? नाही. अग्रक्रमाचा नियम. आधीचं नाव राहतं." डॉक्टरांना चवळीशी आपला संबंध नीट कळला नाही, पण पाटी राहिली.

आता दौंडकडे वळतो, कारण सरांची खरी परीक्षा तिथं झाली.

दौंडला स्टेशनापासून जवळ त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान होतं. वडील गेल्यावर ते धाकट्या भावाकडे, युसूफभाईंकडे आलं. सर शिकले आणि शिरूरला गेले, युसूफभाई तराजूमागे बसले. दुकानाचं नाव वडिलांनीच ठेवलेलं: 'ए-वन किराणा'. रेल्वेच्या चाळीतली, गोपाळवाडी-लिंगाळीतली गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं बांधलेली होती. मग जवळच एक मार्ट झालं. एसी, ढकलगाडी, प्लास्टिकच्या पिशवीत बंद डाळी. ए-वनची गर्दी पातळ व्हायला लागली.

एके दिवशी युसूफभाई शिरूरला थेट आमच्या स्टाफरूममध्ये आले. मी तिथंच होतो. ठेंगणे, कपाळावर घाम, हातात भावासाठी आणलेला खारी-बिस्किटांचा पुडा. भावाभावांत घरात दखनी चाले, पण चारचौघांत ते मराठीच बोलत.

"भाईजान, साऱ्या शिरूरला नावं वाटली तुम्ही. आम्हाला न्हाई दिलं कवा."

"तू मागितलं नाहीस."

"आता मागतोय. पाटी नवीन करायची हाय. मार्टवाल्याच्या तोडीचं पायजे. लॅटिन द्या, फ्रेंच द्या, काय बी द्या. पर भारी द्या."

"रविवारी येतो," सर म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला आनंद दिसला. ते कुठंही नमुना बघायला निघताना दिसत असत तसे दिसत होते. युसूफभाईंनाही आनंद झाला. येणार म्हणजे काय करणार, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

रविवारी मी सरांबरोबर दौंडला गेलो. दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. युसूफभाईंनी पुढं येऊन हात धरला, स्टूल दिलं, चहा सांगितला. सर स्टुलावर बसले नाहीत. ते सरळ पोत्यांच्या रांगेशी गेले, चवळीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातली मूठ वर काढली आणि भिंग डोळ्याला लावलं. मग त्यांच्या तोंडून वर्गात निघतो तो आवाज निघाला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"युसूफ! मॅक्युलेटस! ये, ये, बघ, ठिपके किती स्वच्छ आहेत!"

तराजूशी उभ्या असलेल्या गोपाळवाडीच्या एका मावशींनी विचारलं, "काय घावलं वो सर?"

"भुंगा," सर म्हणाले. "चवळीतला. उत्तम नमुना आहे."

मावशींनी पिशवीतला चवळीचा पुडा काढून फळीवर ठेवला. "मंग ऱ्हाऊ द्या युसूफभाई. आन् ह्यो हरभरा बी ऱ्हाऊ द्या."

"मावशी, अवो एखादा असतोय..."

"एखादा न्हाई," सर भिंगातून मान वर न काढता म्हणाले. "दाण्यांवर अंडी आहेत. हे पांढरे ठिपके बघा. चांगली वस्ती आहे."

मावशींच्या मागं रेल्वेच्या चाळीतल्या दोघी होत्या. त्या रिकाम्या पिशव्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. युसूफभाई पोत्यापाशी आले. "भाईजान, घरी चला."

"अजून तांदूळ बघायचा आहे."

"घरी चला म्हनलं ना."

परतीच्या एसटीत सर बराच वेळ खुशीत होते. नमुना अखंड होता, मिशी तुटलेली नव्हती, असं सांगत होते. नमुन्याची डबी खिशात होती. न्हावऱ्याच्या अलीकडे त्यांनी डबी खिशातून काढली आणि पुन्हा ठेवली. मग म्हणाले, "त्या बाई चवळी ठेवून गेल्या का?"

"गेल्या."

"आणि हरभरा?"

"तोही."

ते म्हणाले, "हरभरा मी तपासला नव्हता."

दौंड मोठं जंक्शन असलं तरी बातमीच्या दृष्टीनं लहान गाव आहे. ए-वनमध्ये किडे निघाले, ही एक गोष्ट. पण सख्ख्या भावानं, आणि तोही प्रोफेसर, त्यानं भिंग लावून काढले, ही दुसरी. पहिलीवर युसूफभाईंनी काहीतरी सारवासारव केली असती. दुसरीवर इलाज नव्हता. लांबची गिऱ्हाइकं आधी तुटली, मग गल्लीतली. ईदला सर नेहमीप्रमाणे गेले. युसूफभाईंनी शीरखुर्म्याची वाटी स्वतः आणून हातात दिली आणि एवढंच म्हणाले, "भाईजान, या घरात तुम्ही मोठे. कवाबी या, बसा. दुकानात मात्र पाय ठेवू नका." हे मला सरांनीच सांगितलं, वर्गात एखादी व्याख्या सांगावी तसं, एकही शब्द न बदलता. दुकान वर्षभर टिकेल असं युसूफभाईंच्या घरात कुणाला वाटत नव्हतं, हेही सांगितलं.

त्या सहामाहीत धान्यातल्या भुंगेऱ्यांचा धडा सरांनी शिकवला नाही. पोरांनी विचारलं तर म्हणाले, "घरी वाचा." कर्क्युलिओ हा त्यांचा लाडका शब्द होता; धान्यातल्या टोक्याला रोमन लोक हेच म्हणत, म्हणजे रोमन कोठारांतही टोके होते, हे ते दर वर्षी अभिमानानं सांगत. त्या वर्षी रोमन कोठारं स्वच्छ राहिली.

मग एक दिवस स्टाफरूममध्ये ते माझ्यासमोर येऊन बसले. "मला वर्गीकरणाची एक अडचण आली आहे."

"बोला."

"आमच्या वडिलांनी दुकानाचं नाव ठेवलं ए-वन. मी नमुना पाहिला. वर्णन जुळत नाही. युसूफला दुसरं नाव हवं आहे, पण नाव बदलता येत नाही. वडिलांचं आधीचं आहे. अग्रक्रम. मग राहतं काय?"

"दुकान बंद होणं," मी म्हणालो. मला त्यांचा थोडा राग आलेला होता.

"नाही. नमुना दुरुस्त करणं." ते गंभीरपणे म्हणाले. "प्राणिशास्त्रात हे चालत नाही. किराणा मालात बहुतेक चालेल."

पुढच्या रविवारी ते दौंडला गेले. दुकानात पाय ठेवायचा नाही असा हुकूम होता, तो त्यांनी तंतोतंत पाळला. पायरीच्या खाली, रस्त्याच्या कडेला, एक पाट टाकून ते बसले. शेजारी चाळण, सूप आणि भिंग. येणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायचे, "काय घेतलं ते दाखवा." युसूफभाई तराजूमागून बघत होते आणि बोलत नव्हते. गिऱ्हाईक मुळात फारसं नव्हतं. संध्याकाळी सर पाट उचलून निघून आले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. दुपारी युसूफभाईंनी मुगाचं एक पोतं ओढत ओढत पायरीपर्यंत आणलं, त्यांच्यासमोर सोडलं आणि आत निघून गेले. सरांनी ते चाळलं, गच्चीवर उन्हात पसरायला सांगितलं, निवल्यावर चमचाभर गोडं तेल लावून चोळायला सांगितलं. हे सगळं त्यांनी रस्त्यावरून, मोठ्या आवाजात, कुणाकडेही न बघता सांगितलं. युसूफभाईंनी तसं केलं, तेही उत्तर न देता. दोन भाऊ एका पोत्याशी बोलत होते असं म्हणता येईल.

असे बरेच रविवार गेले. जुनी पोती जाळली. भिंतीकडेच्या फटी चुन्यानं बुजवल्या. पत्र्याच्या कोठ्या आल्या. सर मात्र रस्त्यावरच. एका रविवारी साखरेचा टेम्पो आला आणि मागं येऊ लागला. युसूफभाई तराजूमागून ओरडले, "भाईजान, टेम्पो लागतोय. आत सरका."

"आत?"

"मग काय चाकाखाली बसनार?"

सर पाट उचलून आत गेले. मी त्या दिवशी तिथं होतो. या प्रसंगाचं वर्णन करताना गळा दाटून आला वगैरे लिहायची पद्धत आहे. तसं काही झालं नाही. टेम्पोवाला "हो मागं, हो मागं" म्हणत होता आणि सरांनी आत गेल्या गेल्या रव्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

त्यानंतर सरांचा रविवार दौंडातला एक कार्यक्रम झाला. बायका घेतलेलं धान्य दाखवायला थांबत. मग घरातलं आणायला लागल्या. एकदा त्याच गोपाळवाडीच्या मावशी एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. "सर, ह्यो गहू मार्टचा हाय. बघा बरं जरा." युसूफभाई तराजू सोडून पुढं आले. सरांनी पिशवी उघडली, तळापर्यंत बघितली, भिंग पुसून पुन्हा बघितलं.

"स्वच्छ आहे," सर म्हणाले.

"नीट बघा की भाईजान!"

"नीट बघितलं. गहू चांगला आहे."

युसूफभाई पाय आपटत मागं गेले. मावशींनी मात्र त्या दिवशी चवळी, हरभरा आणि तांदूळ ए-वनमधून घेतला. "हे खोटं बोलत न्हाईत," त्या मला म्हणाल्या. "भावाला बी सोडत न्हाईत, तर मला काय फसवतील?" दुकान परत उभं राहिलं ते या एका वाक्यावर, सरांच्या लॅटिनवर नव्हे. पण युसूफभाईंना तो फरक मान्य नव्हता. त्यांना वाटे, जादू शब्दांत आहे. तेही बोलू लागले. आठवड्यातल्या इतर दिवशी कुणी तांदळात टोका आहे का विचारलं तर ते भारदस्त आवाजात म्हणत, "कर्क्युलिओ न्हाई मावशी, काळजी करू नका." मावशी समाधानानं जात.

पाटी नवीन करायची वेळ आली तेव्हा पुन्हा वाद झाला. नाव ए-वनच राहील हे ठरलेलं होतं. युसूफभाईंना त्याखाली 'प्राध्यापकांनी तपासलेले धान्य' असं हवं होतं. सर म्हणाले, "हे वर्णन रविवारपुरतंच खरं आहे." पेंटर ब्रश घेऊन उन्हात उभा होता. शेवटी लिहिलं गेलं: 'रविवारी तपासलेले धान्य मिळेल.' मार्टमधली माणसं येता-जाता ती पाटी वाचत असत. त्यांना त्यावर काय उपाय करावा हे सुचलं नाही.

सर निवृत्त झाले तरी रविवार चालू होता. मागच्या वर्षी थोड्या आजारपणानंतर ते गेले. दौंडच्या कब्रस्तानात वडिलांच्या शेजारी त्यांना दफन केलं.

कॉलेजात शोकसभा झाली. संस्थेचे पदाधिकारी आले होते. एकानं सरांना आंतरराष्ट्रीय कीर्तीचे कीटकशास्त्रज्ञ म्हटलं, दुसऱ्यानं लॅटिन भाषेचे प्रकांड पंडित. सर असते तर त्यांनी नमुना मागितला असता. मग प्रयोगशाळेला त्यांचं नाव द्यावं अशी सूचना आली आणि टाळ्या पडल्या. प्रयोगशाळेला एका देणगीदाराच्या मातोश्रींचं नाव आधीपासून होतं, आणि देणगीदार पहिल्या रांगेत बसलेले होते. ते अस्वस्थपणे चष्मा पुसू लागले. मी उठून अग्रक्रमाचा नियम सांगितला, सरांच्याच शब्दांत. चवळीतला भुंगा आणि चीन यांच्यासकट. सूचना मागं घेतली गेली. देणगीदार नंतर माझा हात दोन्ही हातांत धरून सरांविषयी फार आदरानं बोलले.

युसूफभाईंनाही दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. ते माइकसमोर उभे राहिले. "भाईजान दर रविवारी यायचे," ते म्हणाले. "आता रविवारी काय करायचं ते अजून ठरलेलं न्हाई." आणि खाली बसले.

पाटीवरचा रविवार त्यांनी पुसला नाही. अलीकडे मी दौंडला गेलो होतो तेव्हा दुकानात गेलो. सरांचं भिंग तराजूच्या मागं खिळ्याला लटकवलेलं आहे. "आता कोण तपासतं?" मी विचारलं. "मीच बघतो की," युसूफभाई म्हणाले. "डोळ्यांना कमी दिसतंय, पर बघतो." मी अर्धा किलो चवळी घेतली. त्यांनी मूठभर तळहातावर पसरली, भिंग लावलं आणि म्हणाले, "न्या."

घरी डबा उघडला तर चवळीत भुंगा होता. एक नव्हे, वस्ती होती.

मला दोन दिवस त्याचं काय करावं ते कळेना. मग पुढच्या रविवारी पिशवी घेऊन पुन्हा दौंडला गेलो. दुकानात गिऱ्हाइकं होती. सरांसारखा मी मोठ्यानं बोललो नाही. बाहेरच्या पायरीवर थांबलो, शेवटची बाई बाहेर पडेपर्यंत. मग आत जाऊन, तराजूवर वाकून, हळू आवाजात सांगितलं.

युसूफभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं का म्हणून. मग त्यांनी विचारलं, "कुठला व्हता? चीनचा का ठिपक्यांचा?"

"ठिपक्यांचा."

"ठिपके बघितले का नीट? का अंदाजानं सांगताय?"

"बघितले. चष्मा लावून बघितले."

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली, खिळ्यावरचं भिंग काढलं, दारातल्या उजेडात गेले आणि बराच वेळ बघत राहिले. "मॅक्युलेटस," ते म्हणाले. "बरोबर हाय." मग चवळीचं अख्खं पोतं पाठीवर घेऊन ते गच्चीचा जिना चढू लागले. वयाच्या मानानं त्यांनी ते एका दमात वर नेलं. मी मागून चाळण घेऊन गेलो. आम्ही दोघांनी मिळून चवळी उन्हात पसरली, आणि ऊन उतरेपर्यंत तिथंच बसलो.

माझी अर्धा किलो चवळी त्यांनी बदलून दिली नाही.